च कोणी पाहिला?

शाळेच्या तक्त्यावर ग गणपतीचा असतो, छ छत्रीचा आणि ह हरणाचा. आमच्या खेळात गणपती आणि छत्री चालत नसत. हरीण चाले, पण नुसतं हरीण म्हणून भागत नसे. काळवीट की चिंकारा, भेकर की पिसोरी, ते सांगावं लागे, आणि मग ते हरीण ह मधून उठून आपापल्या अक्षरात जाऊन बसे. खेळ तसा साधा होता. वर्णमालेतलं एकेक अक्षर क्रमाने घ्यायचं आणि त्या अक्षराचा रानातला जीव सांगायचा. पशू, पक्षी, साप, मासा, किडामुंगी, काहीही चाले. एक नियम मात्र कडक होता. सांगितलेला जीव तुम्ही स्वतः पाहिलेला हवा, नाहीतर ज्याने पाहिला त्याच्या तोंडून तुम्ही ऐकलेलं हवं. पुस्तकातला नाही, सिनेमातला नाही, ‘कोणीतरी म्हणत होतं’ मधला तर नाहीच. नाव घेतलं की तीन प्रश्न ठरलेले असत: कोणी पाहिला? कुठं? केव्हा?

हा नियम आमच्या सरांचा. कोल्हापुरातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत आणि सुटीच्या दिवशी आम्हा मुलामुलींना घेऊन रानात निघत. १९८०च्या दशकातली ही गोष्ट. सगळ्यांत मिळून एक दुर्बीण, तीही सरांची. पहाटेच्या एसटीने राधानगरी, तिथून पुढे दाजीपूर. धरण मागे पडलं की झाडी दाट होत जाते, वळणं सुरू होतात, आणि गाडीतल्या गाडीत आमचा खेळही सुरू होई. दाजीपूर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि ते झालं गव्यांसाठी. त्यामुळे ग आला की कुणाला डोकं खाजवावं लागत नसे. प्रत्येकाने गवा पाहिलेला. शेवटी सरांनीच गव्यावर बंदी घातली. मग सगळे एकसुरात ‘गिधाड’ म्हणायचे, कारण गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात तिथे गिधाडांची दाटी व्हायची आणि ती आम्ही सगळ्यांनीच बघितली होती.

आज ते आठवलं की पोटात कालवतं. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९९०च्या दशकात देशभरातली गिधाडं बघता बघता संपत गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर गावोगावचं आकाश रिकामं झालं होतं. गिधाडाच्या बाबतीत आता साक्षीदार म्हणून आम्हीच उरलो. तेव्हा आम्ही ग ला गिधाड म्हणायचो ते सोपं म्हणून.

स्वरांमध्ये फार दम नसे. अ ला अस्वल आणि अजगर, उ ला उदमांजर, आणि ए, ऐ, ओ, औ नुसती ओलांडून जायची. खरी गर्दी व्यंजनांत. क च्या पानावर कोल्हा, काळवीट, कासव, कोळसुंदा, कोतवाल यांना जागा पुरत नसे. ख ला खवले मांजर, खोकड, खंड्या. घ ची आम्हाला धास्ती वाटे, कारण घोणस, घोरपड, घुबड, घार असं सगळं त्याच एका घरात राहणारं. थ बरेच महिने अडून राहिला होता. मग एका हिवाळ्यात कळंब्याच्या तलावावर रुंद चोचीची बदकं उतरलेली दिसली, पाण्यात चोच घालून गाळ चाळत फिरणारी. काठावरचा एक कोळी म्हणाला, ‘ही थापटी हायत, दर थंडीला येत्यात.’ थ सुटला. ठ वर कुणीतरी ‘ठिपकेवाली मुनिया’ पुढे केली तेव्हा सरांनी ती म मध्ये परत पाठवली. विशेषणं लावून अक्षरं भरायची ठरवली तर ‘छोटा’ लावून छ चं पानही भरेल, असं त्यांचं म्हणणं. छ आणि य शेवटपर्यंत कोरे राहिले. ण आणि ळ ची पानं सरांनी वहीत ठेवलीच नव्हती.

वही म्हणजे दुकानदार हिशेबाला वापरतात तसली लाल कापडी बांधणीची चोपडी. प्रत्येक अक्षराला चार पानं. रकाने हाताने आखलेले: नाव, पाहणारा, ठिकाण, साल, आणि शेवटचा रकाना ‘सांगितलं त्याने कसं ओळखलं’. या शेवटच्या रकान्यात सर फार रमायचे. कुणी म्हणालं तरस पाहिला, तर ते चालला कसा, पाठ पुढे उंच होती की मागे, हे विचारत. उत्तर पटलं तरच नोंद व्हायची. समासात पेन्सिलीने त्या प्राण्याचं छोटं चित्र यायचं, तेही सांगणाऱ्याच्या वर्णनावरून काढलेलं. त्यामुळे वहीतला कोळसुंदा दोन जागी दोन तऱ्हेचा आहे. एक दाजीपूरच्या धनगराने सांगितलेला, दुसरा तिलारीकडच्या एका आजीने.

अक्षर अडलं की घरी जाऊन विचारायचं, हा त्या नियमाचा परिणाम. आम्ही विचारायला लागलो आणि घरातली म्हातारी माणसं बोलायला लागली. एरवी त्यांना कोण विचारणार, की तुम्ही लहानपणी कुठला प्राणी पाहिला? आणि आपणहून सांगण्याइतकं ते महत्त्वाचं आहे असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं.

च चं तसंच झालं. आमच्याकडे च ला चौसिंगा आणि चंडोल होते. मी आबांना विचारलं, आणखी काय असतं हो च ला? आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जन्मलेले, कोल्हापूरच्या पेठेत वाढलेले. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘चित्ता.’

‘तुम्ही कुठं बघितला?’

‘कुठं म्हणजे? हितं, रस्त्यावर. चित्तेवान पट्ट्याला धरून फिरवायचा त्याला. डोळ्यांवर कातड्याची झापड. माणसांची, टांग्यांची, गलग्याची सवय व्हावी म्हणून बाजारातनं न्यायचा. आम्ही पोरं मागनं चालायचो.’

पुढच्या रविवारी सर स्वतः आमच्या घरी आले, वही घेऊन. आबांनी त्यांना जे सांगितलं ते वहीत दोन पानं भरून आहे. चित्ता खाटेवर बसायचा, कुणी श्रीमंत पाहुणा बसावा तसा, आणि चित्तेवान त्याच्याशेजारी जमिनीवर. त्याची गुरगुर वाघासारखी नाही, मांजरासारखी घुरघुर. ‘आणि एक सांगू का सर,’ आबा म्हणाले, ‘त्यो पाखरासारखा ओरडतो. चिवचिव करतो. आता एवढं जनावर चिवचिव करतं म्हटल्यावर तुमी हसशीला.’ सर हसले नाहीत. शेवटच्या रकान्यात त्यांनी ‘पाखरासारखा आवाज’ एवढं लिहून खाली दोन रेघा मारल्या. चित्ता खरोखरच पाखरासारखा चिवचिवतो, डरकाळी त्याला फोडता येत नाही. ज्याने जवळून ऐकला नाही त्याला हे सुचणं शक्य नव्हतं.

आबांचे एक चुलते दरबारच्या नोकरीत होते. त्यांच्याबरोबर आबा एकदा शिकारीच्या गाड्यांमागून गेले होते. काळविटांना बैलगाडीची सवय असते. गाडी तिरकी तिरकी त्यांच्याजवळ नेतात, कळपाकडे थेट नेत नाहीत. अंतर पुरेसं कमी झालं की चित्तेवान झापड काढतो आणि जनावराचं तोंड कळपाकडे वळवतो. चित्ता गाडीवरून खाली उतरतो, काही पावलं दबकत जातो आणि मग सुटतो. आबा म्हणायचे, तो सुटल्यावर धुळीशिवाय काही दिसलं नाही. धूळ थांबली तेव्हा काळवीट आडवा होता आणि चित्त्याने त्याचा गळा धरला होता. शिकार सोडवायची युक्ती ठरलेली. चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीत काळविटाचं रक्त धरायचा आणि चित्त्याच्या नाकाखाली न्यायचा. तो रक्त प्यायला लागला की पुन्हा झापड चढवायची. धाव वाया गेली तर चित्ता तिथेच बसून राहायचा, लहान मुलासारखा रुसून, आणि त्या दिवशी पुन्हा उठायचा नाही.

शिकारीच्या या खेळानेच चित्त्याचा घात केला. शिकारीचा चित्ता पिंजऱ्यात जन्मत नसे. आईने रानात शिकार शिकवलेला मोठा चित्ताच पकडून माणसाळवावा लागे. मोगलांकडे शेकड्यांनी चित्ते होते. एवढ्यांतून पिंजऱ्यात पिल्लं झाल्याची नोंद जहांगिराने १६१३ मध्ये केली, आणि त्यानंतर शतकानुशतकं तसं पुन्हा कुठे झाल्याचं दिसत नाही. म्हणजे राजेरजवाड्यांच्या खाटांवर बसलेला प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला होता. पुढे इंग्रजांनी त्याच्या मुंडक्यावर बक्षिसं लावली, माळ नांगराखाली गेले, काळविटं घटली. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. देशातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

सरांनी हे सगळं वाचलेलं होतं, म्हणूनच आबांच्या साक्षीवर त्यांनी एक प्रश्नचिन्ह ठेवलं. आबांनी पाहिला तो चित्ता कुठला? विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानिक ते आफ्रिकेतून बोटीने मागवत. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे चित्ते असे आले आणि कोल्हापूर हे त्यातलं एक मोठं ठिकाण. आबांचं बालपण नेमकं त्याच काळातलं. म्हणजे पेठेतून फिरणारा तो चित्ता बहुधा केनियाच्या बाजूचा, आणि देशी चित्ता पाहिलेलं माणूस आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, ‘आमच्या चित्तेवानाचा बाप सांगायचा, पूर्वीचे चित्ते अंगानं बारीक होते म्हणून.’ ती नोंदही आहे. पाहणाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: चित्तेवानाचे वडील, आबांकरवी. नियमाप्रमाणे तिथे एक पायरी जास्त होते. सरांनी तरी ती ठेवली, आणि माझ्या मते बरोबर केलं.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले. आमच्यापैकी दोघांनी तिथे जाऊन एक पाहिलाही. वहीत लिहायचा का, यावर जोरदार वाद झाला. एक म्हणाला, हा परका. दुसरा म्हणाला, मग आबांचाही परकाच होता, तो कसा चालला? मला दुसऱ्याचं पटतं. आशियाई चित्ते आता फक्त इराणात उरलेत आणि तेही मोजके. पण कुनोच्या चित्त्यांना रान मिळालंय, खाट नाही. त्यांची पिल्लं इथल्या गवतात जन्मली. नोंद झाली.

त आणि ल ची पानं एका फासेपारधी आजोबांनी भरली. सरांच्या ओळखीचे, कोल्हापूरजवळच्या एका वस्तीत राहणारे. त्यांच्या वडिलांनी शाहू महाराजांच्या पदरी सोनतळीच्या कॅम्पावर चाकरी केली होती. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. या माणसांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली आणि ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांना पहाऱ्यावर नेमलं. आजोबा हे सांगताना हात जोडायचे.

त्यांनी आम्हाला फास दाखवला. बोटभर लांबीच्या बांबूच्या खुंट्या, प्रत्येकीला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा सरकता फासा, आणि अशा खुंट्यांची लांबच लांब माळ एका दोरीत ओवलेली. तितराच्या वाटेवर ती पसरायची आणि शिकवलेल्या गायीच्या आडोशाने सावकाश पक्षी तिकडे वळवायचा. पक्ष्याला गाय दिसते, माणसाचे पाय दिसत नाहीत. केसाचा फासा हातात घेऊन मी बोट अडकवून पाहिलं. वजन काहीच नव्हतं, आणि ओढला तर सुटत नव्हता. मग आजोबांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून लाव्याचा आवाज काढला. काही क्षणांत पलीकडच्या करडईतून उत्तर आलं. नर लावा, आजोबा म्हणाले, आणि बायको जवळच बसलीय.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांचं हे पोट गेलं. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांना पाखराच्या आवाजावरून त्याचं घरटं किती पावलांवर आहे हे कळत होतं, त्यांना या कामात कुणी घेतलं नाही, हे मला सलतं. पुष्कळ वर्षांनी अकोला-वाशीमकडे तणमोर शोधताना ती चूक थोडी सुधारली गेली. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून दिवसाला शेकडो उड्या मारतो. तरीही तो बाहेरच्याला सापडत नाही, फासेपारध्याला सापडतो. तिथल्या निसर्गप्रेमींनी पारध्यांनाच बरोबर घेऊन ती गवताळ रानं राखायला सुरुवात केली. त ला तणमोर आमच्या वहीत त्यांच्यामुळे आला.

माझं आजोळ सोलापूर. आईचे वडील गिरणीत होते आणि सुटीच्या दिवशी सायकलवरून नान्नजच्या माळावर जात. तिथे ते जे पाहत त्याला ते हूम म्हणत. माळढोक हा शब्द त्यांनी फार उशिरा, वर्तमानपत्रातून उचलला. मी खेळाचा नियम सांगितल्यावर त्यांनी हूम ह मध्ये घालायला लावला आणि आवाजही काढून दाखवला. नर गळ्याची पिशवी फुगवून पोटातून घुमवतो तो. म्हणाले, उन्हं कलली की हा आवाज ऐकू येतो आणि पक्षी दिसत नाही. मग एकदम लक्षात येतं, की समोर मघापासून जे खुरटं झुडूप वाटतंय त्याला मान आहे. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर, काडीचंही घरटं न करता. आजोबांनी असं एक अंडं लांबून पाहिलं होतं, आणि गुराख्याच्या पोराने गुरं तिकडे जाऊ नयेत म्हणून दिवसभर वळवून धरली होती, तेही.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांचा आग्रह होता की देशाचा पक्षी माळढोक असावा. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य झालं. कागदावर ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके आले. लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करता येईनात. ज्या पक्ष्यासाठी गुराख्याचं पोर उन्हात उभं राहिलं होतं, त्याचं नाव काढलं की गावकरी चिडायला लागले. पुढे न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर उसाला पाणी आलं होतं, माळ हिरवे झाले होते आणि वर विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही. एवढा जड पक्षी तारेपाशी ऐनवेळी वळूही शकत नाही. आज देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, जवळपास सगळे राजस्थानात. नान्नजला माणसं जातात, काळविटं आणि लांडगे बघून येतात.

सोलापूरचं नाव निघालं की मारुती चितमपल्ली यांची आठवण येतेच. १९३२ मध्ये तिथेच जन्मलेले, वनखात्यात नोकरी करत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटच्या रानात आयुष्य काढलेले. आदिवासी, कोळी, गुराखी यांच्याकडून पाखरांची नावं गोळा करत त्यांनी ‘पक्षीकोश’ उभा केला. सर त्या कोशाला हात लावताना हात पुसून घेत. आमच्या चोपडीतलं एखादं नाव त्यात सापडलं की त्यांना जो आनंद होई तो परीक्षेत पहिला आल्याचा होता. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाल्यानंतर.

र ची गोष्ट मात्र आमच्याकडे बाहेरून आली. आमच्या गटात शिकायला आलेला एक मुलगा होता, शहाद्याकडचा, पावरा. पहिल्याच खेळात र ला त्याने ‘रानपिंगळा’ सांगितला. कोणी पाहिला? आजाने. कसं ओळखलं? दिवसा बोलतो. पिंगळे रात्रीचे, हा दिवसाढवळ्या फांदीवर बसून शेपटी हलवतो. सरांनी इंग्रजी पुस्तकं उघडली आणि नोंद अडवून ठेवली. कारण रानपिंगळा कित्येक दशकांत कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. ऍलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशातून त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर एकच नोंद होती, कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांची, १९१४ची, गुजरातेतल्या मांडवीची. सलीम अलींसारखे लोक तिकडे शोधून थकले.

ती नोंद खोटी निघाली. माइनर्ट्‌झहागेन यांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना नमुना लांबवला होता. तो उसवून नव्याने भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी त्याला अडकवली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे उघडकीला आणलं, मांडवीचा नाद सोडला, डेव्हिडसनच्या जुन्या ठिकाणांवर भरवसा ठेवला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शहाद्याजवळच्या रानात भर सकाळी पानं गळालेल्या झाडावर रानपिंगळा पाहिला. बातमी आली त्या दिवशी सरांनी आमच्या शहाद्याच्या मित्राला पत्र लिहिलं. त्याच्या आजाची नोंद त्यांनी लाल शाईने पक्की केली आणि साल तेच ठेवलं, जे आजाने सांगितलं होतं. एक कर्नल खोटं लिहितो ते जगभराच्या पुस्तकांत छापून येतं, आणि पावरा म्हातारा खरं सांगतो ते शाळेतल्या चोपडीपुढे जात नाही, याचा सरांना फार संताप होता. मलाही आहे.

सर गेल्यावर चोपडी माझ्याकडे आली. खेळ चालू आहे. नव्या मुलांकडे फोन आहेत, प्रत्येकाकडे फोटो असतो, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती चटकन देतात. मी त्यांना शेवटच्या रकान्यासाठी अडवते. फोटो सोड, तो कसा चालला ते सांग. मागच्या पावसाळ्यात आंबोलीला मुक्काम होता. खेळात एका मुलीने ह ला ‘हिरण्यकेशी’ मासा सांगितला. तिची तयारी चांगली होती. हिरण्यकेशीच्या देवळापाशी नदी उगम पावते तिथल्या कुंडात हा मासा आहे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून त्याचं वर्णन केलं, शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव ठेवलं, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्याच्यासाठी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. छोटासा, तळाशी दगडांना धरून राहणारा. तिने कुंडावर पालथं पडून तो पाहिला होता, अंगावरच्या पट्ट्यांसकट. रकाने पटापट भरले.

आम्ही ज्यांच्या पडवीत बसलो होतो ते गावातले काका इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, ह ला कशाला घालता? त्याला देवाचा मासा म्हणतात. द ला घाला. त्यांचे आजोबा त्यांना महाशिवरात्रीला तिथे न्यायचे, कुंडात वाकून दाखवायचे आणि बजावायचे, याला धरायचा नाही. त्यांच्या आजोबांना त्यांच्या बापाने तसंच बजावलेलं. धरला नाही म्हणूनच तो शास्त्रज्ञांना तिथे सापडला, असं काकांचं म्हणणं, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मुलीने स्वतःच ह मधली ओळ खोडली आणि द चं पान काढलं. ‘पाहणारा’ मध्ये काकांचे पणजोबा आले. सालाच्या रकान्यात ती सवयीने २०२० लिहायला निघाली होती. काकांनी बोटं मोजत हिशेब घातला, पणजोबा कितव्या वर्षी वारले, प्लेगच्या आधी की नंतर, आणि शेवटी त्यांनी सांगितलं ते साल तिने लिहिलं. १८९० च्या आसपास.